कूलरसमोरच्या मासोळ्या

हुडकेश्वर, नागपूर
१४ एप्रिल २०२४

चि. पंकज,

आशीर्वाद नंतर, आधी भांडण. तू माझा फोन उचलत नाहीस. तुझ्या भाऊजींचा उचलत नाहीस. शेजारणीच्या फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकून कट केलास. म्हणून कागद घेतला. आयुष्यभर शाळेत पोरांना पत्रलेखन शिकवलं, आणि आता सख्ख्या भावाला लिहायची पाळी आली. पत्र कट करता येत नाही. फाडावं लागतं, आणि फाडायच्या आधी माणूस ते एकदा तरी वाचतोच.

गुंजनबद्दल पेपरात छापून आलं त्या दिवसापासून तू असा झालास, हे मला ठाऊक आहे. ‘बालपणीच्या भीतीचा मेंदूवर परिणाम : नागपूरची मुलगी माशांमध्ये शोधणार उत्तर.’ खाली तिचा फोटो. आम्ही कॉलनीत पेढे वाटले आणि तू सुरतेहून फोन करून म्हणालास, “ताई, माह्याच करनीवर पीएचडी करून राहिली पोट्टी. साऱ्या गावाले सांगून राहिली का बाप कसा होता.” त्या बातमीत तुझं नाव नव्हतं, गावाचं नव्हतं, घराचं नव्हतं. पण तू ते वाचलंस आणि तेव्हापासून लेकीशी बोलणं टाकलंस. दिवाळीला यायचास, तेही बंद केलंस.

ती काय करते हे तू तुझ्या मनानंच ठरवून बसला आहेस. मी तिच्या प्रयोगशाळेत जाऊन आले आहे, म्हणून मी सांगते.

झेब्राफिश नावाची मासोळी आहे. बोटाच्या दोन पेरांएवढी, अंगावर निळे पट्टे. उमरेडला धानाच्या बांधीतल्या पाण्यातून तू ज्या पट्टेवाल्या मासोळ्या ओंजळीत धरून मला दाखवायला आणायचास, तशाच दिसतात. सकाळी दिवा लागला की या अंडी घालतात, आणि अंडं काचेसारखं आरपार दिसतं. गुंजननं मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. पंकज, आदल्या दिवशी घातलेल्या अंड्यात काळीज धडधडत होतं रे. दुसऱ्या बशीत अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू होतं, त्याचा मेंदू हिरव्या उजेडात चमकत होता. मी देवळातसुद्धा इतकी गप्प उभी राहत नाही. मागून गुंजन म्हणाली, “आत्या, श्वास घे वं.”

तर ती अशा पिल्लांचे दोन गट करते. एका गटाच्या पाण्यात जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बारीकसा लोहचुंबक अधूनमधून फिरवायचा. पाणी ढवळतं, पिल्लांना प्रवाहाविरुद्ध धडपडावं लागतं. इजा होत नाही, पण निवांतपणा मिळत नाही. दुसरा गट तसाच शांत ठेवायचा. त्यांना आम्ही घरात ‘आरामातल्या मासोळ्या’ म्हणतो. मग पिल्लं थोडी मोठी झाली की बशीला हलकी टिचकी मारायची. कोणती किती दचकते, दचकल्यावर किती वेळानं शांत होते आणि तिच्या मेंदूत काय वेगळं दिसतं, हे ती बघते. एवढंच आहे तिचं काम. यात बापाचं नाव कुठंच नाही.

आता तू म्हणशील, हाच विषय काहून घेतला? मीही विचारलं होतं. ती हसली आणि म्हणाली, “आत्या, तू शिट्टीच्या आधी ओरडतेस न, म्हनून.”

ही गोष्ट तुला माहीत नाही. अनुसया वारली, पोर आईवाचून राहिली आणि तू चार वर्षांच्या गुंजनला माझ्या हवाली करून सुरतेला गेलास, त्या आठवड्यात कुकरची शिट्टी झाली की ही पोरगी ओट्याखाली जाऊन बसायची. बाहेर यायला तासभर लागायचा. मग मी कुकरच्या आवाजाकडे कान ठेवायला लागले. शिट्टी यायच्या आधी ओरडायचं, “गुंजन, शिट्टी होणार!” मग ती दोन्ही हात कानांवर ठेवायची आणि उभी राहायची. आता ती कान झाकत नाही, पण मी अजून ओरडते. त्याशिवाय आमच्याकडे भात होत नाही.

तू तिच्यावर हात कधी उचलला नाहीस, हे मी कुठंही शपथेवर सांगेन. पण तुझा आवाज आणि तुझी भांडी आपटायची तऱ्हा मला माहीत आहे. अनुसयाला माहीत होती, पोरीलाही माहीत होती. मला ती नवी नव्हती, वडिलांच्या घरीही तीच होती. आपल्या आबांचा हातमाग होता न समोरच्या खोलीत, जमिनीत पाय सोडायचा खड्डा असलेला? सूत तुटलं की आबा हातातला लाकडी धोटा भिंतीवर फेकायचे. ते मागावर नसले आणि अंगणातून त्यांचा आवाज चढला, की तू त्या खड्ड्यात उतरून बसायचास. मी तुझ्यामागून उतरायची आणि फ्रॉकच्या खिशातले फुटाणे तुला द्यायची. हे मी दोष द्यायला लिहीत नाही. गुंजन ओट्याखाली बसली तेव्हा मला तूच आठवलास, म्हणून लिहिते.

तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण आता चालू आहे. पुढच्या हिवाळ्यात तोंडी परीक्षा. ती सगळ्यांसमोर होते, घरचे लोक बसू शकतात. गुंजन मागत काही नाही, तुला माहीत आहे. पण मला एकदा म्हणाली, “आत्या, बाबा आले पाह्यजे.” एकदाच म्हणाली. म्हणून मी तुला लिहिते आहे.

तुझी
यमुताई


हुडकेश्वर, नागपूर
२ जून २०२४

चि. पंकज,

बस आधी. पाणी पी. मग वाच.

तुझं उत्तर आलं नाही, तरी मी हे लिहिते, कारण बातमीच अशी आहे. पण बातमी शेवटी सांगेन. मी मास्तरीण आहे, धडा क्रमानंच शिकवते.

यंदाचं ऊन तू पाहिलं नाहीस. सदर भागातल्या कूलरच्या दुकानात तुझ्या भाऊजींना मान वर करायला फुरसत नाही. नागपुरात मे महिन्यात कूलर दुरुस्त करणाऱ्या माणसाला जो मान मिळतो, तो नवऱ्या मुलालाही मिळत नाही. अशात गुंजनच्या प्रयोगशाळेचा एसी जळाला. मासोळ्यांना बेताचंच ऊबदार पाणी लागतं. आपलं ऊन त्यांना लागलं तर बशीतच उकडून निघतील. नव्या एसीसाठी अर्ज गेला, अर्जाला उत्तर म्हणून आणखी एक अर्ज मागितला. मोठी टाकी कशीबशी वाचली, पण पिल्लांच्या बशा खोलीत होत्या. पोरगी घरी आली ती रडवेल्या तोंडानं. जेवली नाही.

भाऊजींनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी दुकानातला सगळ्यात मोठा कूलर टेम्पोत घातला, वाळ्याच्या कोऱ्या ताट्या लावल्या आणि थेट प्रयोगशाळेच्या खिडकीत बसवून आले. चालू केल्यावर वाळ्याचा असा वास सुटला की तिच्या गाईड दामिनी मॅडम आपली खुर्ची घेऊन तिथंच येऊन बसल्या. भाऊजींनी गुंजनला विचारलं, “यातल्या आरामातल्या कोन्त्या गा?” पोरीलाही ते कौतुकानं मुलासारखं ‘गा’च म्हणतात. तिनं दाखवल्या. त्यांनी त्या बशांचं टेबल ओढून कूलरच्या अगदी तोंडाशी लावलं. म्हणाले, “आरामात ठिवाच्या हाय त नीट आरामात ठिव. घरी पाव्हना आला त आपन त्याले कूलरसमोरच बसवतो न?” सगळे हसले. चुंबकाचं यंत्र पलीकडच्या टेबलावर होतं, ते तिथंच राहिलं.

आता बातमी. त्या बशांमधल्या पिल्लांची तपासणी झाली, आणि दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही! ढवळलेल्या आणि आरामातल्या, टिचकी मारली की दोन्ही सारख्याच दचकतात. पंकज, तुला अर्थ कळला का? पहिल्या दिवसांत ढवळलं काय, न ढवळलं काय, पुढे सगळं सारखंच. तू एवढी वर्षं जे ओझं घेऊन सुरतेच्या खोलीत बसला आहेस, ते शास्त्रानं आज खाली ठेवलं. मी देवापुढे दिवा लावला आणि मग हे पत्र लिहायला घेतलं.

गुंजन मात्र खूश दिसत नाही. पेन्सिल चावत बसते. म्हणते, “इतकं सारखं यायले नाही पाह्यजे.” मी म्हटलं, बाई, सुख आलं तर घे की पदरात. तुझ्यासारखीच आहे, उत्तर द्यायचं नसलं की नखं बघत बसते.

आता तरी ये.

तुझी
यमुताई


हुडकेश्वर, नागपूर
२३ जून २०२४

चि. पंकज,

तुझा मेसेज आला. “राखीले येतो ताई. तिकीट काढलं.” एवढ्या शब्दांसाठी मी तो किती वेळा वाचला ते विचारू नकोस. भाऊजींनी वाचला, गुंजननं वाचला. गुंजननं माझ्या हातातून फोन घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि परत दिला. माडीवरची खोली मी झाडून घेतली. गादीला ऊन दाखवलं.

आणि आता मला जे लिहायचं आहे ते लिहिताना माझा हात चालत नाही. मी लिहिणारच नव्हते. राखी होऊन जाऊ दे, भाऊ घरी येऊ दे, मग बघू, असं मी ठरवलं होतं. गुंजननं ते होऊ दिलं नाही. ती समोर बसली आहे आणि पत्र पुरं झाल्याशिवाय उठणार नाही म्हणते.

परवा भाऊजी कूलरच्या ताट्या बदलायला प्रयोगशाळेत गेले. मीही गेले, डबा घेऊन. गुंजननं पाणी प्यायला स्टीलचा ग्लास भरला आणि त्या आरामातल्या मासोळ्यांच्या टेबलावर ठेवला. ठेवला आणि बघत राहिली. मी म्हटलं, पी ना. तिनं ग्लासाकडे बोट केलं. मग मी वाकून पाहिलं. ग्लासातल्या पाण्यावर बारीक बारीक वर्तुळं उठत होती. मधून काठाकडे, एकामागून एक. गुंजननं जाऊन कूलर बंद केला. वर्तुळं थांबली. चालू केला. परत सुरू झाली.

भाऊजींच्या कूलरचा पंखा. टेबल कूलरला टेकलेलं. रात्रंदिवस ते टेबल थरथरत होतं आणि त्यावरच्या बशा थरथरत होत्या. चुंबक तर अधूनमधूनच फिरायचा, कूलर थांबत नव्हता. ज्यांना कोणी ढवळायचं नव्हतं त्याच मासोळ्या सगळ्यात जास्त ढवळल्या गेल्या होत्या. म्हणून दोन्ही गट सारखे दचकत होते. फरक नव्हता असं नाही, फरक दिसायला शांत मासोळीच शिल्लक राहिली नव्हती.

तुझे भाऊजी खाली स्टुलावर बसले. कामगारांवर ओरडणारा एवढा मोठा माणूस, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, “म्याच बिघडवल्या पोरी तुह्या मासोळ्या. मले काय मालूम.” गुंजन त्यांच्यापुढे उकिडवी बसली आणि त्यांचे हात धरले. ती जे बोलली ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण तू समोर असतास तर तिनं तुलाही हेच म्हटलं असतं.

“काका, तुमी त्यायले सगळ्यात चांगली जागा देली होती. आपन कोनाचा दोष शोधून नाही राह्यलो. काय झालं ते शोधून राह्यलो.”

मग उठली आणि कामाला लागली. त्या प्रकरणाचे सगळे आकडे बाद केले. दामिनी मॅडम म्हणाल्या, मुदत जवळ आली आहे, हे प्रकरण गाळून बाकीचा प्रबंध दे, कोणी विचारणार नाही. ही म्हणाली, “मॅडम, मी विचारीन न.” पुन्हा पहिल्या अंड्यापासून सुरुवात. टेबलाच्या पायांखाली तिनं सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले, कूलर वेगळ्या स्टँडवर भिंतीपासून दूर नेला, आणि सगळ्या टेबलांवर पाण्याचे ग्लास ठेवून खात्री करून घेतली. सकाळी दिवा लागायच्या आधी घरून निघते. मला अभिमान वाटतो. आणि खरं सांगू, रागही येतो. इतकं सरळ कोणी असावं का?

घरी येऊन आमचं भांडण झालं. मी म्हटलं, तुझा बाप येतो आहे, आत्ता हे कळवायची काय गरज? ती म्हणाली, “बाबा कायले येऊन राह्यले? फरक नाही निघाला म्हनून. अन् ते तं खोटं हाय.” मी म्हटलं, बापाचं मन राहील. तर म्हणे, “बाबाले खरं सांगून बोलाव आत्या. मंग नाही आले तरी चालते. खोट्यावर आलेला बाप मले ठेवता नाही येनार.”

तर हे खरं. मागच्या पत्रात मी लिहिलेली बातमी चुकीची होती. आधीच्या प्रकरणांत तिला फरक दिसलेला आहे, आणि तो नव्या तपासणीतही दिसेल असं तिला वाटतं. लहानपणी ढवळलेल्या मासोळ्या जास्त दचकतात. हे वाचून तुला काय होईल ते मला कळतं. तरी तू राखीला ये, असं मी म्हणते. तिकीट काढलेलं आहे.

तुझी
यमुताई


हुडकेश्वर, नागपूर
२५ ऑगस्ट २०२४

चि. पंकज,

आला नाहीस.

राखीच्या दिवशी गुंजन सुट्टी घेऊन घरी होती. फाटकाचा आवाज झाला की उठून बघायची. दूधवाला आला, गॅसवाला आला, शेजारचं पोरगं चेंडू मागायला आलं. दुपार कलल्यावर मला म्हणाली, “आत्या, मी जाऊन येतो, मासोळ्यायले खायले द्याचं हाय.” मासोळ्यांना खायला घालायला त्या दिवशी दुसरं माणूस होतं, हे मला ठाऊक होतं.

मला तुझा असा राग आला होता की राखी चुलीत घालावी. मग विचार केला, राखीचा काय दोष? सोबत पाठवते आहे. स्वतःच बांधून घे. गाठ एका हातानं जमणार नाही, कोणाला तरी सांगावं लागेल, तेवढंच तुझं तोंड उघडेल.

आता नीट ऐक, कारण काम पुरं झालं आहे, आणि मला समजलं तेवढं मी सांगणार आहे. मला समजलं नसतं तर गुंजननं मला लिहूच दिलं नसतं. कालच तिनं माझी परीक्षा घेतली, जशी मी तिची पाढ्यांची घ्यायचे तशी.

फरक आहे. ढवळलेल्या मासोळ्या जास्त दचकतात, आणि शांत व्हायला त्यांना जास्त वेळ लागतो. मेंदूतही वेगळेपण दिसतं. ती हे गोड करून सांगत नाही. मी विचारून बघितलं, थोडं कमी करून लिहिलं तर? तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा भाजी निवडायला लागले.

पण या वेळी तिनं एक तिसरा गट केला होता. हे तिचं स्वतःचं डोकं. ढवळलेल्या पिल्लांपैकी काहींना तिनं नंतर शांत मासोळ्यांच्या टोळीत सोडलं. एकटं ठेवलं नाही. मग टिचकी मारली. पंकज, त्याही दचकल्या. अगदी तेवढ्याच दचकल्या. पण शेजारची शांत मासोळी हलत नाही म्हटल्यावर त्या लवकर थांबल्या. भिंतीला जाऊन चिकटल्या नाहीत, परत मधे येऊन पोहू लागल्या. दचकणं गेलं नाही, सावरणं आलं. मी हे तिला म्हटलं तर ती म्हणाली, “आत्या, हे वाक्य मी प्रबंधात टाकू का?” मी म्हटलं टाक की. तर म्हणे, “नाही, मासोळीवरून मानसाचं असं सांगता येत नाही. मासोळी मासोळी असते.” बघ. स्वतःच्या आत्याचं वाक्यसुद्धा तिनं पुरावा नाही म्हणून गाळलं!

मी एवढी वर्षं शाळेत घालवली. हुशार पोरं पुष्कळ पाहिली. पण स्वतःला सोयीचं असलेलं उत्तर खोडून पुन्हा गणित मांडणारं पोर मी हे एकच पाहिलं, आणि ते तुझं आहे. तुझ्या आवाजातून आणि अनुसयाच्या सोसण्यातून हे निघालं आहे. हे तू डोळ्यांनी बघायला पाहिजेस, एवढंच मला म्हणायचं आहे. बाकी तुझ्यावर फिर्याद कोणाची नाही. फिर्याद करायची असती तर तिनं परीक्षेला तुझ्यासाठी खुर्ची ठेवायला सांगितलं नसतं.

फेब्रुवारीत परीक्षा. तारीख कळली की कार्ड टाकेन. पहिल्या रांगेत बसायचं नसलं तर मागे बस.

तुझी
यमुताई


हुडकेश्वर, नागपूर
९ फेब्रुवारी २०२५

पंकज,

ही चिठ्ठी तुला ताजी कोथिंबीर घालून केलेल्या सांबारवडीच्या डब्याखाली सापडेल. तू आत अंघोळीला गेला आहेस आणि तुझे भाऊजी स्कूटर पुसत आहेत, तुला स्टेशनावर सोडायला. बोलायचं ते आपण समोरासमोर बोललो नाही. दोघांनाही ती सवय नाही. म्हणून डब्याखाली ठेवते.

तू शुक्रवारी मागच्या दारानं येऊन शेवटच्या रांगेत बसलास ते मला दिसलं. गुंजनला तर माझ्याआधी दिसलं. त्यानंतर तिचा आवाज खणखणीत झाला. पडद्यावर तिनं भाऊजींच्या कूलरचा फोटो दाखवला, आपली चूक कशी झाली ते सगळ्यांसमोर सांगितलं, फेकलेले आकडेही दाखवले. हॉल हसला आणि भाऊजी कॉलर सरळ करायला लागले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, दचकणारी मासोळी म्हणजे बिघडलेली मासोळी का? तिनं उत्तर दिलं, “नाही सर. तिला जे पाणी मिळालं, त्या पाण्यात तिनं तग धरला. तिच्या दचकण्यात मला तेच दिसतं.” ते तू ऐकलंस. तू तेव्हा खाली बघत होतास.

तुला माहीत नाही ते पुढचं आहे.

काल सकाळी तू ओसरीत पेपर वाचत होतास. मी कुकर लावला होता आणि गुंजन माझ्याजवळ कांदा चिरत होती. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, “गुंजन, शिट्टी होणार.” हळूच म्हटलं, ती शेजारीच होती म्हणून. तुझ्यापर्यंत गेलं नाही. शिट्टी झाली. आणि ओसरीत तुझ्या हातून चहाचा कप पडला. तू उभा राहिलास, भिंतीला पाठ लावून. तू साठीला आलास, पंकज. गुंजननं ते दारातून पाहिलं. तू तुकडे गोळा करत म्हणालास, “काही नाही बेटा, हात सुटला.” ती तुझ्याजवळ आली नाही. माझ्याकडे आली. सुरी हातात तशीच. आणि मला तिनं अगदी हळू विचारलं,

“आत्या, बाबाले कोनी ढवळलं होतं वं?”

एवढी वर्षं तिनं मला तुझ्याबद्दल पुष्कळ विचारलं. बाबा काहून गेले, काहून ओरडत होते, काहून येत नाहीत. हे कधी विचारलं नव्हतं. मी तिला आबांचं सांगितलं. मागाचं, भिंतीवर फुटलेल्या धोट्याचं, खड्ड्याचं, फुटाण्यांचं. ती सगळं उभ्यानं ऐकत होती. रडली नाही. शेवटी म्हणाली, “तू खड्ड्यात उतरत होतीस म्हनजे. मंग बाबा टोळीत होते. नंतर एकटे पडले.” आणि पुन्हा कांदा चिरायला बसली.

म्हणून आज सकाळी मी कुकर लावल्यावर ती उठली आणि ओसरीच्या दारात जाऊन उभी राहिली. “बाबा, शिट्टी होनार हाय,” म्हणाली. तू चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलंस, काय बोलते ते तुला समजलं नव्हतं. मग शिट्टी झाली. कप तुझ्या हातातच राहिला. तू तिच्याकडे बघून हसलास. का हसलास ते तुलाही कळलं नसेल, म्हणून हे लिहिलं.

साबण संपला का रे, किती वेळ? गाडी चुकेल. आता थांबते.

एक राहिलं. गुंजननं विचारायला सांगितलं आहे. तुझ्या खोलीवर सुरतेला कुकर किती वाजता लागतो? ती त्या वेळेला फोन करणार आहे. उचल.

तुझी
यमुताई